गवसणी

मिरजेत दर्ग्यामागच्या बोळात माझं दुकान.
पाटीवर ‘लेडीज टेलर’, रंग उडालेली,
पण ब्लाउजांच्या गठ्ठ्यामागे
भिंतीला टेकून उभे असतात चार-दोन तंबोरे,
माप द्यायला आलेल्या पाहुण्यांसारखे
संकोचून.

मौलाभाई सतारमेकर दर खेपेला तेच सांगतात,
"अंजनाबाई, कापड असं घ्या की आत श्वास घेता येईल.
वाळला तरी भोपळाच तो, त्याला घाम येतो."

मग मी सांगलीला, गणपती पेठेत.
दुकानदार म्हणतो, प्युअर कॉटन, डोळे झाकून घ्या.
डोळे मी झाकतेच.
कापडाची मूठ आवळते, दहा मोजते, उघडते.
चुणी राहिली तर सूत. नाही राहिली तर
कापड काहीतरी लपवतंय.
तरी शंका उरलीच, तर कडेचा एक दोरा ओढून
काडीपेटी मागते.
सूत जळतं कागदासारखं, राख फुंकरीनं जाते.
लोकरीला, रेशमाला जळक्या केसांचा वास,
कधीतरी ते अंगावर वाढलेलं होतं याची खूण.
आणि ते तिसरं जळत नाही, वितळतं,
काळा मणी होऊन चिमटीला डसतं.
ऐंशी म्हणणारा दुकानदार तेव्हा पंचेचाळीसवर येतो.
मी पायरी उतरलेली असते.

शिकले ती बारटक्केमामांकडे.
सहा महिने कात्रीला हात लावू दिला नाही,
नुसतं कापड भिजवायचं, सावलीत वाळवायचं.
"कोरं कापड खळीच्या जोरावर ताठ असतं, पोरी.
एक रात्र पाण्यात काढू दे त्याला,
मग त्याचं खरं माप घे."
मला वाटायचं, म्हाताऱ्याला धुणं फुकटात हवंय.

धारवाडच्या बाईंची गाडी संध्याकाळची होती.
मी कोऱ्या मांजरपाटाला सरळ कात्री लावली.
बसली अशी, की भोपळ्याची सालच.
चार महिन्यांनी पार्सल आलं,
धुतलेली गवसणी आणि चिठ्ठी :
‘यात आता नातवाची उशी मावते. तंबोरा नाही.’
ती अजून मशीनच्या खुंटीला आहे.
खडू, टेप, अंगुस्तान त्यात ठेवते,
रोज हात घालावा लागतो.

आता घाई नाही.
दांडीला उभा धागा, भोपळ्याला उरेब,
गोलाईवर सरळ कापड रुसतं, तिरकं समजून घेतं.
आतून फलालीन, सुतीच.
चेन नाही, ती लाकडाला ओरबाडते. नाडी.
शेवटचा धावदोरा हातानं,
तेव्हा कधी कोपर तारेला लागतं
आणि दुकानभर काहीतरी पसरतं.
समोरचा चहावालाही क्षणभर किटली धरून थांबतो.

परवा एक मुलगा आला, कवठ्याचा,
पहिल्या पगाराची मखमल घेऊन, लालभडक.
"आईचा तंबोरा आहे. चमकलं पाहिजे."
दोरा ओढला, काडी लावली, मणी दाखवला.
तो मण्याकडे बघत राहिला, मग बुटांकडे.
मला उगाच वाटलं, काडी जरा आत जाऊन लावायची होती.
गवसणी खादीचीच शिवली.
मखमलीचा केला बाहेरून खिसा,
जादा तारा ठेवायला.
खिशाला श्वास लागत नाही.
मौलाभाईंनी बघितलं, मान हलवली,
होकाराची की नकाराची, त्यांनाच ठाऊक.

आकाशाला गवसणी घालतात म्हणे माणसं.
माझ्याकडे ते माप अजून कुणी आणलेलं नाही.
आणलंच, तर दोन दिवस जास्तीचे मागीन,
इतकं कापड वाळत घालायचं कुठे?

सध्या बादलीत पाच वार आहेत.
पाणी पांढुरकं झालंय, खळ सुटतेय.
बदलायला हवं.